वकिलात किती दूर?

परदेशातील भारतीय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील डॉक्टर किंवा इंजिनिअर उभा राहतो. परंतु आपल्या गल्लीतून, आपल्या खेड्यातून जो आखातात गेला, तो बहुधा गवंडी, सुतार, वेल्डर किंवा ड्रायव्हर म्हणून गेला. अडचणीच्या वेळी आपल्या देशाची वकिलात त्याला किती जवळची वाटते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

वकिलातीचे काम पासपोर्टचे नूतनीकरण करण्यापुरते नसते. गावाकडील जमिनीच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र साक्षांकित करणे, तिकडे जन्मलेल्या मुलाची नोंद घेणे, तुरुंगातील नागरिकाला भेटणे आणि दुर्दैवाने कोणी मरण पावला तर त्याचा देह मायदेशी पाठविण्यासाठी कागद देणे, हेही तिचेच काम. यांतील प्रत्येक कागदाची इकडे कोणी तरी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असते.

सौदी अरेबियाचेच उदाहरण घेऊ. तेथे आपली वकिलात रियाधला व वाणिज्य दूतावास जेद्दाला. दम्माममध्ये काम करणाऱ्या मजुराला रियाध सुमारे ४०० किलोमीटर पडते, म्हणजे बेळगावहून पुण्यापेक्षाही लांब. एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाचा पगार. त्यात पुष्कळदा पासपोर्ट मालकाच्या कपाटात! अर्ज स्वीकारणारी केंद्रे आता अनेक शहरांत निघाली आहेत, वकिलातीची पथकेही अधूनमधून बाहेर जातात, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि पगार थकला किंवा मालक पासपोर्ट देईना, अशा वेळी नुसती अर्जाची खिडकी पुरत नाही. ऐकून घेणारा माणूस लागतो.

कायदा नाही असे मुळीच नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते की, परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि त्या हक्काची माहिती त्याला विनाविलंब दिली पाहिजे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने याच कलमाचा भंग केला, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. पण यातील मेख अशी की, अटक झालेल्याने मागणी केली तरच त्याच्या वकिलातीला कळविण्याचे बंधन येते. ज्याला हा हक्क ठाऊकच नाही, तो मागणी कशी करणार? जाधवांच्या मागे सारा देश उभा राहिला. निनावी मजुराच्या मागे कोण उभे राहणार?

सरकारने काही पावले निश्चित टाकली आहेत. २००९ साली संकटग्रस्तांसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी निघाला. त्यात वकिलातीच्या सेवांवरील अल्प आकाराची भर पडते. म्हणजे ही मदत दान नव्हे, त्या माणसांच्याच खिशातून जमलेला पैसा आहे. २०१५ साली तक्रारींसाठी ‘मदद’ हे संगणकीय दालन उघडले. परंतु तेथे तक्रार नोंदवायलाही माहिती हवी, आणि समजेल अशी भाषा हवी.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला वकिलातीपर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत वकिलातीने जावे. मजूर-वसाहतींजवळ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिबिरे भरावीत आणि त्यांच्या तारखा महिनाभर आधी कळाव्यात. सूचना मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम अशा भाषांतून छापाव्यात. मनुष्यबळ अपुरे आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण देशात पासपोर्टसाठी मोठ्या शहराकडे धाव घ्यावी लागे, तेव्हाही हेच सांगितले जाई. जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूर व दाहोद येथील पोस्टांत पासपोर्टची कामे सुरू झाली आणि पुढे ही सोय देशभर पसरली. जे पोस्टाला साधले, ते वकिलातीला का साधू नये?

आणि मित्रहो, सारे सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आपल्या या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. तिकडे दोन्ही भाषा बोलणारी माणसे एकाच खोलीत राहतात आणि एकाच रांगेत उभी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस बसून परदेशी निघालेल्यांना मदत केली, तर काय बिघडेल? करारपत्र वाचून दाखवावे, पासपोर्टची व व्हिसाची नक्कल घरी ठेवायला सांगावे, वकिलातीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक त्याच्या भाषेत लिहून द्यावा. अटक झाल्यास “मला माझ्या वकिलातीशी बोलायचे आहे” हे एक वाक्य इंग्रजीत व अरबीत पाठ करून घ्यावे. एवढे करायला पदवीची गरज नाही आणि अनुदानाचीही नाही. हा हक्क १९६३ पासून कागदावर आहे. तो ज्याचा आहे त्याला सांगण्याचे काम निदान आपण तरी सुरू करू या.