मोटारीवाचून गत्यंतर आहे



गतांकातील पत्रलेखकांनी वेल्सच्या सरहद्दीवरील किल्ले मोटारीवाचून पाहता येत नाहीत असा जो निवाडा दिला आहे, तो लडलोहून उत्तरेस जाणाऱ्या ए-४९ या वर्दळीच्या हमरस्त्यापुरता ग्राह्य मानता येईल. क्लन ते मॉन्टगोमेरी हा मुलूख मात्र उंच कुंपणांमधल्या अरुंद, निर्मनुष्य वाटांनी विणलेला असून, तेथील चढ दमछाक करणारे असले तरी, तिसऱ्या हेन्रीने १२२३ मध्ये वेल्श राजसत्तेवर जरब बसविण्यासाठी मॉन्टगोमेरीच्या कड्यावरच किल्ला का आरंभिला, हे सायकलस्वाराच्या पायांना आपसूक उमगते. सखल भूमीवरील स्टोकसेचा ‘किल्ला’ म्हणजे वस्तुतः एका लोकर-व्यापाऱ्याची, १२९१ च्या राजसनदेने तटबंदी लाभलेली, हवेलीच होय. ब्रेकची तजवीज तेवढी चोख असावी. उतारांवर मेंढ्या कोणाचा मुलाहिजा राखीत नाहीत.

आपला,
एक सायकलस्वार वाचक