खोली कुणाला मिळते?

एडवर्ड ग्लेझर हा हार्वर्डचा मास्तर. 1967 साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जन्मला, शिकागोला अर्थशास्त्रात डॉक्टर झाला. शहरं, घरं, भाडी आणि सरकारी कायदे हा त्याचा धंदा. 2011 साली त्याचं 'ट्रायम्फ ऑफ द सिटी' हे पुस्तक आलं. शहर वर चढवा, नियम मोडा, बांधू द्या म्हणणाऱ्यांच्या हातात ते पुस्तक फार शोभून दिसतं. म्हणून आपल्यातले बरेच जण ते न वाचताच भिरकावतात. माझं म्हणणं, आधी वाचा. मग भिरकवायचं की ठेवायचं ते ठरवा. मी मॅट्रिक. पाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. ज्याला कॉलेज मिळालं त्याने तरी कुरकुरू नये.

कुणी म्हणेल, कवितेच्या अंकात हा गोरा अर्थशास्त्री कशाला? दोस्तहो, आपल्या कविता कुठे लिहिल्या जातात? दहा बाय बाराच्या खोलीत, सहा जणांच्या झोपण्यातून उरलेल्या जागेत. त्या खोलीचं भाडं कोण ठरवतो, ती कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने दुःखावर लिहू नये.

ग्लेझरचं पहिलं म्हणणं आपल्याला पटण्यासारखं आहे. शहरात गरीब दिसतात म्हणून शहर वाईट, असं समजू नका, तो सांगतो. शहर माणसाला गरीब करत नाही, गरीब माणूस शहराकडे येतो, कारण मागे जे सोडून येतो ते याहून वाईट असतं. रिओच्या झोपड्यांबद्दल तो हेच लिहितो, धारावीबद्दलही. आपल्याला हे हार्वर्डने शिकवायला नको. माझा आजा गावकूस सोडून मुंबईला आला आणि गोदीत टोळीवर लागला. पाठीवर पोतं घेतलं तेव्हा पोत्याने त्याला जात विचारली नाही. गावात सावलीसुद्धा विचारत होती. खेड्याचे गोडवे गाणारे लोक आपल्याकडे थोर म्हणवले गेले. बाबासाहेबांनी 1948 साली घटना समितीत खेड्याची सालटी काढली. ग्लेझरला ते भाषण माहीत आहे का, कोण जाणे. तो दुसऱ्या वाटेने तिथेच येतो.

पण इथेच त्याचं एक बोट कापलेलं आहे. शहर जात विचारत नाही, हे अर्धं खरं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य माणूस सूतकताईच्या खात्यात चालायचा. विणकाम खात्यात मात्र बंदी, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि थुंकी बाटते. पगार जास्त होता तो विणकाम खात्यातच. म्हणजे शहराने गावकूस पाडलं नाही, उचलून गिरणीच्या आत नेऊन बांधलं. वाफेवर चालणाऱ्या मशीनच्या मधोमध.

आता घराकडे या. ग्लेझर आणि जोसेफ ग्योर्को या दोघांनी दोन हजार सालाच्या सुमाराला एक साधा हिशोब केला. घर बांधायला विटा, लोखंड, मजुरी मिळून किती लागतं ते काढलं आणि घर विकतं किती ते पाहिलं. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत हे दोन आकडे जवळजवळ आहेत. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे मात्र विक्रीची किंमत खर्चाच्या कितीतरी वर. मधला फरक कशाचा? जमीन कमी आहे म्हणून थोडा. बाकी परवानगीचा. इथे उंच नको, तिथे चाळ नको, एवढ्या जागेत एकच कुटुंब, असे नियम ज्यांची घरं आधीच बांधून झालीत त्यांनी करून ठेवले. आतले लोक दार लावून घेतात आणि बाहेरच्यांसाठी घर महाग होतं. आतले आणि बाहेरचे, ही त्याची भाषा. 2021 साली डेव्हिड कटलरबरोबर लिहिलेल्या पुस्तकातही तो हेच धरून बसला आहे.

हे नियम सोवळे नव्हते. बाल्टिमोर शहराने 1910 साली काळ्यांची आळी वेगळी, गोऱ्यांची वेगळी असा सरळ कायदा केला. 1917 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने असले कायदे रद्द केले. मग 1926 साली युक्लिड नावाच्या ओहायोतल्या गावाचा खटला आला. त्यात कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली आणि भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीला स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीवरचं बांडगूळ म्हटलं. वर्णाचं नाव गेलं, खोल्यांची संख्या आली. भाषा सभ्य झाली. हे आपल्याला ओळखीचं वाटतं ना?

मुंबईबद्दल ग्लेझर भडकतो तो एफएसआयवर. 1991 च्या नियमावलीत बेटावरच्या मुंबईला 1.33 आणि उपनगरांना 1 एवढाच एफएसआय होता. म्हणजे हजार फूट जमिनीवर तेराशे तीस फूट बांधकाम. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या दहापट चढतात. त्याचं म्हणणं, एवढ्या दाट शहराला जमिनीवर दाबून ठेवलं तर माणसं जाणार कुठे, झोपडीतच ना?

हिशोब बरोबर आहे. पण मुंबईत नियम सगळ्यांसाठी सारखा दाबलेला कधी होता? तो दाबला होता म्हणूनच सोडवून विकता आला. इकडे टीडीआर, तिकडे जादा एफएसआय, झोपडपट्टी पुनर्वसनाचा वेगळा, चाळींच्या पुनर्विकासाचा वेगळा. गिरण्यांचं उदाहरण घ्या, ते तर ग्लेझरच्या परीक्षेचा पेपरच आहे. 1982 च्या संपानंतर गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी व्हायच्या वाटेवर होती. 1991 च्या नियमात ठरलं की एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला. 2001 साली त्यात एक बारीक दुरुस्ती घातली. वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, इमारती पाडून निघणाऱ्या जमिनीची नाही. तृतीयांशाचा चतकोर झाला. 2006 साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. मग टॉवर चढले, ग्लेझरला हवे तसे आभाळाला भिडले. गिरणी कामगार आजही लॉटरीच्या यादीत नाव शोधतो.

आणि 2011 च्या जनगणनेने काय दाखवलं? बृहन्मुंबईत एक कोटी चोवीस लाख माणसं, त्यातली 41 टक्क्यांच्या आसपास झोपडपट्टीत. त्याच मुंबईत पावणेपाच लाखांवर घरं रिकामी, कुलूपबंद. केंद्र सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत हा आकडा छापून आलेला आहे. बांधलं की स्वस्त होतं म्हणतात. कुलपात घातलेलं घर स्वस्त होत नाही, ते तिजोरी होतं.

एवढ्यावरून ग्लेझरला बिल्डरचा दलाल म्हणून सोडून देणारे आपल्यात आहेत. ते सोपं आहे. पण त्याचे दोन जुने निबंध आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि ते आपले आहेत.

1997 साली कटलर आणि ग्लेझर यांनी विचारलं, घेट्टो चांगला की वाईट? अमेरिकेतलं एकेक शहर घेतलं. काळी माणसं गोऱ्यांपासून किती तुटून राहतात ते मोजलं. मग वीस ते तीस वयाची पोरं पाहिली. शाळा पुरी झाली का, काम आहे का, कमाई किती, पोरीवर एकटीने मूल वाढवायची पाळी आली का. जिथे वस्ती जास्त तुटलेली तिथे काळ्या पोरांची दशा जास्त वाईट. गोऱ्यांच्या नशिबाला धक्का नाही. त्यांच्या हिशोबात हे तुटलेपण एका मापाने कमी झालं तरी काळ्या-गोऱ्यांतल्या बऱ्याच फरकांचा सुमारे एक तृतीयांश भाग मिटेल. एक तृतीयांश! ना नवा स्वभाव, ना नवा धर्म. फक्त कोण कुठे राहतो एवढ्याने.

1999 साली जेकब व्हिग्डॉर तिसरा आला आणि त्यांनी शंभर वर्षांचा इतिहास मोजला. 1890 ते 1940 घेट्टो जन्मला. 1940 ते 1970 फुगला. 1970 नंतर थोडा ओसरला. आधी गोऱ्यांची टोळकी आणि कायदे काळ्याला अडवत. 1990 पर्यंत कायदा गेला तरी घेट्टो राहिला, कारण निव्वळ गोऱ्या वस्तीत राहायला गोरा माणूस जास्त पैसे मोजायला तयार आहे. हे वाक्य दोनदा वाचा. शेजारी कोण नसावा यासाठी माणूस पैसे देतो, आणि अर्थशास्त्र त्याची पावती दाखवतं. ज्या ब्लॅक पँथरांवरून 1972 साली मुंबईत नाव घेतलं गेलं, ते 1966 साली ऑकलंडच्या असल्याच तुटलेल्या वस्तीतून उठले होते.

1913 ते 1916 बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्र शिकत होते. शेजारचं हार्लेम त्याच सुमाराला काळ्यांचं होत होतं. तिथून ते आले आणि 1917 साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहिले. काठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढलं. देशातल्या सर्वांत शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एक माणूस बडोद्याच्या बागेत बसून रडला. घरांचं अर्थशास्त्र आपल्यात तिथून सुरू होतं.

त्याला शंभरावर वर्षं झाली. मी मागे भाड्याने खोली बघत होतो. एजंटने फोनवर सगळं ठरवलं, आडनाव विचारलं, आणि मालक गावाला गेला. मालक अजून गावाहून आलेला नाही. ही माझी एकट्याची रड नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात मुद्दाम फोन करून पाहिलं आणि 2015 साली ते छापलं. सवर्ण नाव सांगितलं की हो. दलित नाव सांगितलं की बऱ्याचदा नाही, नाहीतर जास्तीचं भाडं, जास्तीच्या अटी. मुसलमान नावाला त्याहून वाईट. 2012 साली छापलेल्या एका अभ्यासात 2001 च्या जनगणनेवरून देशातली सात मोठी शहरं तपासली होती. तिथे ऐपतीपेक्षा जातीने माणसं जास्त वेगळी राहतात असं निघालं. म्हणजे पैसा आला की जात जाते म्हणणाऱ्यांनी वॉर्डाचा नकाशा बघावा.

आणि कायदा? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1948 साली सांगितलं की काळ्याला घर विकू नये असल्या कराराची अंमलबजावणी कोर्ट करणार नाही. 1968 साली तिथे घरांतला भेदभाव बंद करणारा कायदा झाला. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा खटला निकाली काढला आणि सभासद आपल्याच समाजाचे असावेत हा पोटनियम कायदेशीर ठरवला. पारशी मूठभर आहेत, त्यांची भीती समजू शकते. पण दार मुंगीसाठी उघडलं तरी त्यातून हत्ती शिरतो. उद्या चौपाटीवरची सोसायटी तोच निकाल पुढे करील.

ग्लेझर जिथे चुकतो तेही सांगतो. 2005 साली कतरीना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. काळ्यांच्या वस्त्या जास्त बुडाल्या. तेव्हा त्याने लिहिलं, शहर पुन्हा बांधण्यापेक्षा माणसांच्या हातात चेक द्या. शंभर अब्ज डॉलर वाटले तर माणशी दोन लाखांवर येतात, ते घेऊन हवं तिथे जा. गरीब जागा नको, गरीब माणूस वाचवा. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण ज्याने स्वतःच लिहिलंय की शेजार नसावा म्हणून गोरा पैसे मोजतो, त्याने चेकवाल्या काळ्याला दार कोण उघडेल हे सांगायला हवं होतं. बरं, हा स्वतः पोरं झाल्यावर शहर सोडून बॉस्टनच्या बाहेर बंगलीत राहायला गेला. पुस्तकात कबूल करतो, एवढं त्याचं कौतुक.

आपल्याकडे चेकसुद्धा नाही, तारीख आहे. धारावीत 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल तर तळमजलेवाला जागच्या जागी घराला पात्र. नंतरचा आणि माळ्यावरचा दूर कुठेतरी. तारीख हे नवं गावकूस. एका रेशनकार्डाने माणूस आतला, ते हरवलं की बाहेरचा.

मी ज्या धक्क्यावर काम करतो त्याच्या भोवती पोर्टची सुमारे अठराशे एकर जमीन आहे. न्हावा शेवा 1989 साली सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, टोळ्या मोडल्या, आम्ही कंत्राटी झालो. आता त्या जमिनीवर काय करायचं याचे आराखडे निघतात. शिवडीच्या बीडीडी चाळी ह्याच जमिनीवर, आणि जमीन केंद्राची म्हणून त्यांचं घोडं अडलेलं. वरळीत 2025 साली पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, शिवडीवाले बघत बसले.

2027 च्या जनगणनेत जात मोजणार असं सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं आहे. ते आकडे जिल्ह्याच्या, राज्याच्या बेरजेत गाडले तर आपल्या काही उपयोगाचे नाहीत. मोजणीच्या प्रत्येक गटाचे, म्हणजे शे-दीडशे घरांचे जातवार आकडे नावं वगळून खुले करा, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. तेव्हाच कटलर-ग्लेझरांनी काळ्यांचं केलं ते आपलं करता येईल. कुठली पोरं शाळेतून गळतात, कुठली कामाविना बसतात, आणि ती किती तुटून राहतात. पुढच्या महिन्यात शिवडी, नायगाव, वरळी आणि माटुंगा लेबर कॅम्पमधल्या पोरांनी आपापल्या आळीची यादी करायला घ्यावी. कोण किती वर्षं, भाडं किती, खोली कुणी नाकारली. वही शाळेची चालेल. अर्थशास्त्र शिकणारी आपली जी पोरं विद्यापीठात आहेत त्यांनी रविवारी बसून बेरीज करून द्यावी.