आतून कडी

गेल्या दिवाळीची गोष्ट. शनिवार होता, म्हणजे आमच्या काष्टीत जनावरांचा बाजार. रस्त्यावर बैलांची गर्दी, घरात डब्यांची! मी कोठी आवरायला घेतली आणि पोरांचा लाडवांवर डोळा म्हणून आतून कडी लावली. अर्ध्यावर पोते फुटले. तांदळाचा ढीग नेमका दारापाशी!

"अगं, एक डबा रिकामा करून दे!" मी ओरडलो.

"देते की! पण त्यातले पोहे कोठीतल्या पिंपात ओतायला हवेत. आधी दार उघडा."

"डबा मिळून तांदूळ भरल्याशिवाय दार कसे उघडू?"

झाले! ती बाहेर, मी आत. दोघेही बरोबर आणि काम ठप्प! पुण्याहून आलेला पुतण्या हसून म्हणाला, "काका, याला आमच्या धंद्यात डेडलॉक म्हणतात." त्याने खिडकीतून उशीची रिकामी खोळ आत दिली आणि माझी सुटका केली.

मग चहा घेताना त्याने सगळे उलगडून सांगितले. संगणकाची मेमरी म्हणजे आपले डबे, आणि डिस्कवर काय कुठे ठेवले याचा हिशेब राखणारी फाइलसिस्टिम म्हणजे कोठी. मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम काही मजकूर डिस्कवर उतरवून जागा मोकळी करते. पण फाइलसिस्टिमनेच कुलूप लावून आतून मेमरी मागितली तर? जागा करायला निघालेली यंत्रणा फिरून त्याच कुलपापाशी येते आणि अडते. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, तर डिस्कवर न उतरलेला मजकूर गेलाच! वाचकहो, त्यात एखाद्या पतपेढीचा दिवसभराचा हिशेब असेल तर?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये यासाठी एक खूण आहे: जीएफपी नोएफएस. अर्थ एवढाच, की 'मेमरी दे, पण त्यासाठी फाइलसिस्टिमचे दार ठोठावू नकोस.' उशीची खोळ ती हीच! मात्र ही खूण प्रत्येक मागणीला आठवणीने लावावी लागे. भीतीपोटी ती नको तिथेही लागे, आणि मग जागा करणाऱ्याचेच हात बांधले जात. २०१७ साली ४.१२ या आवृत्तीत नवी सोय आली. कडी लावताना दारावर जणू पाटी टांगायची, काढताना उतरवायची; मधल्या साऱ्या मागण्यांना नियम आपोआप लागू. शिवाय २००६ पासून लॉकडेप नावाचा राखणदार आहे. कुलपे कोणत्या क्रमाने लागतात ते पाहून, गाडे प्रत्यक्ष अडण्याआधीच तो हाक देतो.

"पण रिकामी खोळही नसती तर?" मी विचारले.

"म्हणून काही ठिकाणी थोडी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवतात. तिला मेमपूल म्हणतात."

मला वडील आठवले. बाजारात बैल कितीही मनात भरला, तरी वैरणीचे पैसे ते कनवटीला वेगळे बांधून ठेवीत, सौद्यात त्यांना हात लावीत नसत. म्हणत, "बैल घेतला आणि चाऱ्याला पैसा उरला नाही, तर चाऱ्यासाठी बैलच विकायचा का?"

यंदा कोठीत शिरताना मी एक रिकामा डबा बगलेत मारून गेलो. ही हसली. हसू दे! कडी लावण्याआधी मागून घ्यावे, एवढे तरी शहाणपण मला आले.