दोन मिनिटांतलं पहिलं मिनिट कुणासाठी?

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटं मौन पाळलं जातं. २६ जुलैच्या कारगिल विजय दिवशी आणि १६ डिसेंबरच्या विजय दिवशीही अनेक शाळांत, चौकांत, कार्यक्रमांत लोक माना खाली घालून उभे राहतात. मी शिक्षक आहे, त्यामुळे हे मौन दरवर्षी मुलांसोबत पाळतो. मुलं शिस्तीत उभी राहतात, यात शंका नाही. पण हे मौन कुठून आलं आणि त्यात कुणाची आठवण करायची, हे फारच थोड्यांना माहीत असतं. आपल्या समाजाने तर हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

ही प्रथा पहिल्या महायुद्धातून आली. १९१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात दुपारची तोफ झाली की लोक असतील तिथे थांबायचे. रस्त्यावरची वाहनंही थांबायची. तिथले राजकारणी आणि लेखक सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांचा मुलगा युद्धात गेला होता. त्यांनी हा रिवाज लंडनपर्यंत पोहोचवला. राजे पंचम जॉर्ज यांनी आवाहन केलं आणि ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी ११ वाजता ब्रिटिश साम्राज्यात पहिल्यांदा दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं. केपटाऊनच्या रिवाजाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. पहिलं मिनिट होतं जे जिवंत परतले त्यांच्याबद्दल शुक्र अदा करण्यासाठी, आणि दुसरं जे परतले नाहीत त्यांच्या आठवणीसाठी.

दुसरं मिनिट जगाने लक्षात ठेवलं. पहिलं मात्र विसरलं गेलं.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांच्या रिवाजाशी आपला काय संबंध? संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यातली ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक होते खुदादाद खान. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये सगळे साथीदार पडल्यावरही जखमी अवस्थेत ते मशीनगन चालवत राहिले. ते वाचले आणि पुढे १९७१ पर्यंत जगले. म्हणजे ते त्या पहिल्या मिनिटातले.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईत मस्जिद बंदरला जा. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांचीही तिथे नोंद आहे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यानपिढ्या आपली माणसं बोटीवर गेली. कुणी सारंग होतं, कुणी तांडेल, कुणी साधा खलाशी. जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजं बुडवली तेव्हा त्यांच्यासोबत हेही बुडाले. अंगावर वर्दी नव्हती म्हणून त्यांना कुणी फौजी म्हटलं नाही, आणि गावात ना कबर, ना पाटी. ‘बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढ्या एका वाक्यात घरची आठवण संपते.

स्वतंत्र भारतातली नावं आपल्याला पाठ आहेत. १९४८ साली नौशेरा-झांगरच्या लढाईत शहीद झालेले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. १९६५ साली असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे उडवणारे परमवीरचक्र विजेते हवालदार अब्दुल हमीद. १९९९ साली तुर्तुकच्या बर्फात जान देणारे कॅप्टन हनीफुद्दीन. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी आली की ही नावं आपण व्हॉट्सअॅपवर फिरवतो. पण जरा प्रामाणिकपणे पाहू या, का फिरवतो? बऱ्याचदा उत्तर असतं: ‘बघा, आम्हीही देशासाठी मेलो आहोत.’ म्हणजे शहिदांना आपण दाखल्यासारखं वापरतो. त्या माणसांनी आपल्याला देशभक्तीचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून जीव दिला नव्हता. ते आपलं कर्तव्य करत होते. त्यांची आठवण दुसऱ्याला पटवण्यासाठी काढली की ती आठवण राहत नाही, वकिली होते.

आणि ही वकिली किती तोकडी आहे, हे जिवंत सैनिकांचे हाल पाहिले की कळतं. मे २०१९ मध्ये आसामात तीस वर्षं लष्करात काढलेल्या, कारगिलच्या काळात सेवेत असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला ‘परदेशी’ ठरवून डिटेन्शन कॅम्पमध्ये टाकलं गेलं. जूनमध्ये हायकोर्टाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. जुलै २०२५ मध्ये आपल्याच पुण्यात, कारगिल युद्धात भाग घेतलेल्या एका निवृत्त हवालदाराच्या कुटुंबाच्या घरात रात्री जमाव शिरला आणि नागरिकत्वाचे कागद मागू लागला, असा आरोप त्या कुटुंबाने केला. आम्ही केवळ संशयावरून कागद तपासायला गेलो होतो, असं पोलिसांचं म्हणणं. तारीख होती २६ जुलै. सकाळी देशभर कारगिलच्या शहिदांना सलामी, आणि रात्री कारगिलच्या सैनिकाच्या घरच्यांना ‘तुम्ही कुठले?’ हा सवाल.

मेलेल्या माणसाला कुणी कागद विचारत नाही. त्याच्यासाठी मौन पाळणं सोपं आहे, कारण तो काही मागत नाही. जिवंत माजी सैनिक मात्र मागतो. पेन्शन वेळेवर मागतो, दवाखान्यात नीट वागणूक मागतो, भाड्याने घर मागतो आणि इज्जत मागतो. तिथे मौन पाळलं तर तो आदर होत नाही, ती पाठ फिरवणं होतं.

आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न नेहमी येतो. असं गप्प उभं राहणं दीनमध्ये बसतं का? मी आलिम नाही, मसला उलेमांनाच विचारावा. पण शिक्षक म्हणून एवढं सांगेन की यावरून मुलांच्या मनात गोंधळ घालू नये. त्या दोन मिनिटांत मनात काय म्हणायचं, हे कुणी ठरवून देत नाही. गेलेल्यांमधल्या आपल्या भावांसाठी मगफिरतची दुआ करा, हयात असलेल्यांसाठी सलामतीची करा, देशात अमन राहावं म्हणून करा.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी आहेत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या निधीतून माजी सैनिकांना आणि शहिदांच्या कुटुंबांना मदत होते, त्यात आपल्या शाळांनी, जमातींनी नावानिशी भाग घ्यावा. दुसरं, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या, गावातल्या निवृत्त सैनिकाला शाळेत बोलवा. तो आपल्याच समाजाचा असावा अशी अट घालू नका. मुलांना प्रश्न विचारू द्या. त्याचं पेन्शनचं किंवा कागदपत्रांचं काम अडलं असेल तर गावातल्या शिकलेल्या पोरांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जावं.

तिसरं काम कोकणातल्या घरांचं. पेटीत जुनं जहाजाचं बुक, एखादं पत्र, एखादा बिल्ला पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जहाजाचं नाव लिहून काढा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नावाने शोध घेता येतो. इंग्रजी स्पेलिंग वेडीवाकडी असतात, तेव्हा दोन-चार तऱ्हेने टाकून पाहा. नाव सापडलं तर मुलांना दाखवा. आणि नाही सापडलं तरी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून जे आठवतं ते आजच लिहून घ्या. ती माणसंही आता फार दिवस राहणार नाहीत.