तुमचा 'ओ' नक्की 'ओ'च आहे ना?

पाकिटातलं रक्तगटाचं कार्ड जरा बाहेर काढा. ते नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्स बघा, त्यावर बहुतेक वेळा रक्तगट छापलेला असतो. तिथे 'ओ' दिसला, तर आजचा लेख खास तुमच्यासाठी आहे. दुसरा गट असला तरी वाचा, कारण घरात, शेजारी किंवा ऑफिसात कुणीतरी 'ओ'वालं असतंच.

'ओ' म्हणजे ज्याच्या रक्तात ए नाही आणि बी पण नाही, असं आपण शाळेत शिकलो. ते बरोबर आहे, पण अर्धवट. आपल्या लाल पेशींवर साखरेच्या रेणूंची एक छोटी रचना असते. तिला 'एच' म्हणतात. ही भिंतीतली खुंटी समजा. ए गटाच्या लोकांकडे त्या खुंटीला टोपी अडकवणारं जनुक असतं, बी गटाच्या लोकांकडे छत्री अडकवणारं. एबीवाल्यांकडे दोन्ही. ओवाल्यांकडे टोपी नाही, छत्री नाही. नुसती रिकामी खुंटी.

आता विचार करा, खुंटीच नसेल तर? टोपी हातात असूनही अडकवणार कुठे?

नेमकी अशी माणसं १९५२ साली मुंबईत सापडली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही जणांचं रक्त ओळखीच्या कुठल्याच गटात नीट बसेना. तपासणीत ते 'ओ'सारखं दिसायचं, पण ओ गटाच्या रक्तात मिसळलं की गुठळ्या व्हायच्या. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध छापून आला आणि आपल्या शहराचं नाव जगभरातल्या रक्तपेढ्यांत पोचलं. शहर मुंबई झालं, पण गटाचं नाव आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप'च आहे.

खुंटी बसवण्याचं काम एफयूटी१ नावाचं जनुक करतं. ते १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. ए, बी, ओ ठरवणारं जनुक मात्र ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर. म्हणजे दोघांची घरं वेगळी, पण एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून. भारतातल्या बऱ्याच बॉम्बे गटाच्या लोकांमध्ये एफयूटी१च्या मजकुरातलं ७२५ व्या जागेवरचं एकच अक्षर बदललेलं आढळतं. एवढ्या एका अक्षरामुळे खुंटी बसवणारं एन्झाइम निकामी होतं.

एका जनुकानं दुसऱ्याला झाकून टाकायचं, हा प्रकार फक्त माणसातच नाही. संध्याकाळी बेंगळुरूच्या कुठल्याही बागेत जा, एखादा लॅब्राडोर दिसेलच. त्याचा रंग काळा की चॉकलेटी, हे एक जनुक ठरवतं. पण तो रंग केसांत उतरू द्यायचा की नाही, हे दुसरंच जनुक ठरवतं. त्यानं नकार दिला की कुत्रा पिवळा. मात्र नाक नीट बघा. पिवळ्या लॅब्राडोरचं नाक काळपट असेल तर आत काळ्या रंगाचं जनुक आहे, तपकिरी असेल तर चॉकलेटी. झाकलं गेलं म्हणून जनुक नाहीसं होत नाही. ते पुढच्या पिढीत जातंच.

आणि इथेच घरातल्या शांततेचा प्रश्न येतो. समजा, आईच्या कार्डावर 'ओ' आहे, बाबांचा गट ए आहे आणि बाळ निघालं एबी. शाळेतल्या तक्त्यानुसार हे अशक्य. मग कुजबूज सुरू होते, संशय येतो, एखादी सासू नको ते बोलून जाते. पण आई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्याकडे बीचं जनुक असू शकतं. फक्त खुंटी नसल्यामुळे ते दिसलं नाही. बाळाला बाबांकडून खुंटीचं चांगलं जनुक मिळालं आणि आईची छत्री लख्ख दिसू लागली. म्हणून सांगते, रक्तगटाच्या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नका. आधी तपासणी पुन्हा करून घ्या. कार्डावरची साधी चूकही असू शकते.

बॉम्बे गट हा आजार नाही. ही माणसं तुमच्या-आमच्यासारखीच धडधाकट असतात. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आली की. त्यांच्या शरीरात ए आणि बीबरोबरच एचविरुद्धही प्रतिपिंडं असतात. ओ गटाच्या पेशींवर तर एच सगळ्यात जास्त. त्यामुळे एरवी सगळ्यांना चालणारं ओ रक्त यांच्या जिवावर बेतू शकतं. यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा सापडतो, तर युरोपात १० लाखांत एखादा.

असा माणूस ऐनवेळी शोधायचा कुठे? इथे आपल्या बेंगळुरूचं नाव अभिमानानं घ्यावं लागेल. इथली संकल्प इंडिया फाउंडेशन ही संस्था बॉम्बे गटाच्या रक्तदात्यांची यादी ठेवते आणि गरजूंशी त्यांची गाठ घालून देते. २०१७ मध्ये म्यानमारमधल्या एका स्त्रीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हे रक्त हवं होतं. ते मिळालं आपल्या कर्नाटकातल्या दावणगेरेत, आणि दोन पिशव्या कुरिअरनं यांगूनला पोचल्या.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या लाल पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. त्यामुळे इतक्या दुर्मिळ रक्ताचा साठा करून ठेवणं कठीण. खरा साठा म्हणजे हाकेला धावणारी माणसं.

मग आपण काय करायचं?

ओ गट असेल, तर पुढच्या वेळी रक्तदान किंवा तपासणी करताना 'रिव्हर्स ग्रुपिंग' झालं का, असं विचारा. त्यात तुमचा रक्तद्रव ओ पेशींबरोबरही तपासला जातो. तिथे गुठळ्या दिसल्या तर पुढची खास तपासणी करता येते.

बॉम्बे गट निघालाच, तर घाबरू नका. सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या. आईवडील दोघंही बदललेल्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलात हा गट उतरण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी आणि कर्नाटकात काही घरांत मामाशीच लग्न करायची रीत आहे. अशा नात्यात एकच दुर्मिळ जनुक दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते, हेही लक्षात ठेवा. थॅलेसेमियासारख्या आजारांचं गणितही असंच चालतं, म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी टाळू नका.

आणि तुम्ही बॉम्बे गटाचे असाल, तर नेहमीच्या शिबिरात रक्त देण्याऐवजी यादीत नाव नोंदवा. तुमच्या एका पिशवीची वाट कुणीतरी दूरच्या गावात बघत असेल. पुरुषांना दोन रक्तदानांत ३ महिने आणि स्त्रियांना ४ महिने थांबावं लागतं. म्हणून ती पिशवी योग्य वेळी, योग्य माणसाला मिळायला हवी.

आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांचे रक्तगट एका कागदावर लिहून काढा. आजी-आजोबांचेही विचारा. एखाद्याचा माहीत नसेल, तर या आठवड्यातच तपासून घ्या. आणि तो कागद फ्रीजच्या दारावर लावायला विसरू नका.