मादी पिल्लाचा काय गुन्हा?

संपादक महोदय,

‘कुत्रा पाळायचा तर नरच’ हा आपल्या गेल्या अंकातील लेख एकांगी आहे.

मादी राखणीला कुचकामी, हे विधान साफ चूक. लष्कराच्या श्वानपथकातली मानसी ही लॅब्राडोर मादीच होती. २०१५ साली काश्मीरमध्ये घुसखोरांशी झालेल्या चकमकीत ती मारली गेली आणि तिचा मरणोत्तर गौरव झाला. राखण ठरते ती जात, स्वभाव आणि शिकवण यांवर.

मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, दोन-तीन आठवडे तिला जपावं लागतं, एवढं मान्य. पण त्या दिवसांत कुंपण ओलांडून पळतो तो नर, भांडणात कान फाडून घेतो तोही नरच. सोफ्याच्या पायावर, दाराशी लावलेल्या गाडीच्या चाकावर तंगडी वर करण्याची त्याची सवय लेखक कशी विसरले?

सर्वांत गंभीर बाब म्हणजे लेखात नसबंदीविषयी एक ओळही नाही. या शस्त्रक्रियेने माजाचा प्रश्न कायमचा मिटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. नराचीही नसबंदी होते. त्याचं भटकणं त्यामुळे बरंच कमी होतं. कधी करायची, हे पशुवैद्य जात आणि वय पाहून सांगतात.

‘मादी नको’ म्हणणाऱ्यांमुळेच मादी पिल्लं पोत्यात भरून मंडईत, उकिरड्यावर सोडली जातात. वाचलीच तर त्यांची वेतं रस्त्यावर होतात. ही बाजू आपण छापावी.

— एक श्वानपालक, कराड