बघे कोणी केले आम्हाला?

गावकऱ्यांनो,

परवाची आग तुम्ही पाहिली, काहींचे हातही भाजले, म्हणून तिचे वर्णन करत बसत नाही. दुसऱ्या दिवशी जे कानावर आले, त्याबद्दल हे पत्रक आहे. ‘बघ्यांच्या गर्दीमुळे बंबाला अडथळा झाला.’ झाले, विषय संपला! सर्व्हिस रोडच्या दोन्ही अंगांना रात्रंदिवस उभे असणारे ट्रेलर अडथळा नव्हते. बंब वळूच शकत नाही अशी गावठाणाची गल्ली अडथळा नव्हती. अडथळा आम्ही. ज्या दोन पोरांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून गॅसचा सिलिंडर पेटत्या घरातून बाहेर आणला, तेही बघेच. त्यांतल्या एकाला नंतर दंडाला धरून मागे ढकलले, “तुझं काय काम इथे?”

त्याचे काम काय, हाच प्रश्न आहे. बंब यायच्या आधी तिथे तोच होता. आग लागते तेव्हा पहिला हजर असतो तो शेजारी, जवान नव्हे. आणि घराची आग पहिल्या चार-पाच मिनिटांत आटोक्यात आली तर आली. पुढे ती पत्र्याखालून शेजारच्या घरात शिरते. ही मिनिटे ज्याच्या हातात आहेत, त्यालाच आपण ‘बघ्या’ म्हणतो.

बघे जन्माला येत नाहीत, ते तयार केले जातात. दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले, स्फोट झाले आणि ६६ जवान गेले. त्यांना मान द्यायलाच हवा. पण होते काय? शाळेच्या मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये तेल ओतून आग लावतात. पाहुण्यांना खुर्च्या, आम्हाला दोरीपलीकडची जागा. गणवेशातला जवान आग विझवायचे नळकांडे उचलतो, वीस सेकंदांत आग विझते. टाळ्या, फोटो, चहा. इतक्या वर्षांत एका तरी गावकऱ्याच्या हातात ते नळकांडे दिले का? पिन कुठली ओढायची, फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारायचा की शेंड्यावर, हे कधी करून बघू दिले का? ज्यांना सात दिवस ‘बघा’ म्हणून शिकवले, ते उरलेले तीनशे अठ्ठावन्न दिवस बघणारच.

(त्याच १४ एप्रिलला संध्याकाळी भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमचीच पोरे शिट्टी आणि दोरी घेऊन हजारोंची गर्दी सांभाळतात. तिथे त्यांना कोणी बघे म्हणत नाही.)

कागदावर तर गावांची आग अस्तित्वातच नाही. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी जे अठरा विषय आहेत, त्यांत अग्निशमन सातवे. पंचायतींसाठी अकराव्या परिशिष्टात एकोणतीस विषय आहेत: मासेमारी आहे, वाचनालय आहे, जत्रा आणि बाजार आहेत, आग नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि कळंबोलीची आग एका रात्रीत घटनेत बसली. माथेरानच्या पायथ्याची धोदाणी, मालडुंगे ही गावे मात्र बाहेरच. तिथे फाल्गुन-चैत्रात वणवा उतरतो, कातकरी वाडीच्या पेंढ्यापर्यंत येतो, आणि लोक ओल्या फांद्यांनी झोडपत त्याला परतवतात. त्या बायका-पुरुषांना जाळरेषा कशाला म्हणतात ते कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचे नाव मात्र कुठल्याच यादीत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने १४.२ किलोचा सिलिंडर झोपडीपर्यंत पोचवला, छान केले. त्याच्या मागोमाग विझवण्याची विद्या का पोचली नाही?

आता हरकती. पहिली नेहमीची: “अप्रशिक्षित माणसे पुढे गेली तर जीव जाईल.” अहो, म्हणूनच तर प्रशिक्षण मागतो! तहानलेल्याला ‘तू तहानलेला आहेस’ असे सांगून पाण्यापासून दूर ठेवण्याचा हा प्रकार आहे. परवाच्या पोराला रेग्युलेटर आधी बंद करायचा हे माहीत नव्हते. निभावले ते नशिबाने. मेन स्विच पाडल्याशिवाय वायरिंगच्या आगीवर पाणी नको, तळणीच्या तेलावर तर मुळीच नको, हे शिकवायला एक दुपार पुरते. आणि स्पष्ट बोलतो, तळोज्याच्या कारखान्यांत रसायन पेटले तर आमच्या पोरांनी तिथे जाऊ नये. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर रसायनाचा टँकर पेटला, जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर कोसळले आणि चौघे गेले. अशा आगीपासून किती लांब थांबायचे, हेसुद्धा प्रशिक्षणच आहे.

दुसरी हरकत ऐकली की अंगाचा तिळपापड होतो: “विमा कोण देणार?” २०२३ साली शासनाने पन्नास हजार गोविंदांचा विमा उतरवला. हप्ता माणशी ७५ रुपये. मृत्यू झाल्यास दहा लाख. दहीहंडीला आमचा विरोध नाही, आमचेच पथक थर लावते. पण लोण्याच्या मडक्यासाठी वर चढणाऱ्याला विमा आहे, आणि शेजारणीच्या लेकरासाठी धुरात शिरणाऱ्याला नाही, हा हिशेब कोणाच्या वहीत बसतो? ७५ रुपयांत वडापाव तीन-चार येतात.

तिसरी हरकत: “पोरं येणार नाहीत, मोबाईलमध्ये असतात.” दहीहंडी पथकाचा सराव आषाढापासून रात्री दहाला चालतो, कोणी चुकवत नाही. शिट्टी वाजली की शंभर माणसे गप्प होतात, आपापल्या जागी उभी राहतात. आयती तुकडी आहे ही! खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाचा गट बोरघाटातल्या अपघातांना धावतो, तीही नोकरी-धंदा सांभाळणारीच माणसे आहेत. चिलीत १८५१ पासून अग्निशमन स्वयंसेवकांवर चालते. जर्मनीत पगारी दल शंभरेक शहरांत, बाकी देश दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवकांच्या भरवशावर झोपतो.

सरकारी योजनेतले ‘आपदा मित्र’ स्वयंसेवक आहेत ना, असेही ऐकवतात. ३५० जिल्हे, एक लाख मित्र, बारा दिवसांचे प्रशिक्षण, वर विमा. मग होते की सगळे! पण जिल्हे निवडले ते पूर, दरड, वादळ, भूकंप बघून. आणि भागाकार करा: जिल्ह्याला सरासरी २८६. रायगडचे तालुके पंधरा, म्हणजे तालुक्याला एकोणीस. एकोणीस माणसांत तर हंडीचे उंच थरसुद्धा लागत नाहीत.

पगारी जवानांची जागा आम्हाला नको. रिकामी पदे भरा, आणि आमचे नाव सांगून ती रिकामी ठेवू नका. आम्ही मागतो ते एवढेच: प्रत्येक गावठाणात वीस जणांची नोंद, त्यांचा विमा, बोअरवेलच्या पंपाला जोडता येईल अशी नळी, आणि महिन्यातून एक दुपार जवानांसोबत सराव.

येत्या १४ एप्रिलला मैदानात सगळे जाऊ. दोरीशी उभे राहून नळकांडे हातात मागू. दिले तर विझवू. नाही दिले तर टाळ्या न वाजवता घरी येऊ, आणि त्यांनी ती ट्रेमधली आग खुर्च्यांपुढे विझवावी.

— कळंबोली परिसरातील एक ग्रामस्थ